डावीकडचं पिंप

भिंगतात्यांनी जन्मभर पिल्लं हाताळली, पण अंड्यांवर बसलेली कोंबडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. ऐकणाऱ्याला ही थाप वाटायची. पण तात्या ज्या कारखान्यात होते तिथे अंडी कपाटाएवढ्या यंत्रांत उबायची आणि पिल्लं ट्रे भरभरून बाहेर यायची. एका दिवसाचं पिल्लू नर आहे की मादी, एवढंच तात्यांनी सांगायचं. डाव्या हातात पिल्लू, डोक्यावर झगझगीत दिवा, अंगठ्याने शेपटीखाली जरासं दाबायचं, टाचणीच्या डोक्याएवढी खूण दिसते का बघायचं आणि सोडून द्यायचं. मादी उजवीकडच्या खोक्यात, नर डावीकडे. त्यांची नजर चुकत नसे म्हणून कारखान्यात त्यांना भिंग म्हणत, आणि केस पिकल्यावर त्याला तात्या चिकटलं.

डावीकडे म्हणजे कुठे, हे मुलीने लहान असताना एकदा विचारलं होतं. "दुसऱ्या गावाला जातात ते," असं तात्यांनी ठोकून दिलं. पोरीचं समाधान झालं. बायकोने कधी विचारलं नाही. नवऱ्याचे कामाचे कपडे तीच धुवायची, त्यामुळे तिला विचारायची गरज पडली नसावी.

बायको गेली, नोकरी संपली आणि तात्या मुलीकडे राहायला आले. मुलीचं तसबिरींना चौकटी करून द्यायचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि त्यामागे फरशी घातलेलं अंगण. जावई मालट्रक चालवायचा. घरी असायचा त्यापेक्षा रस्त्यावर जास्त. मुलगी दिवसभर करवतीने पट्ट्या कापायची, काचा बसवायची, आणि आता तिचं पोट दिसायला लागलं होतं. "बाळ झालं की मी दुकानात आणि तुम्ही बाळापाशी," ती म्हणायची. तात्या मान डोलवायचे आणि दोन्ही हात काखेत घालून बसायचे.

त्यांना त्यांच्या हातांची भीती वाटत होती. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आणि कानाचंही तसंच. नोकरी सुटल्यावर त्यांच्या डाव्या कानात चिवचिव सुरू झाली होती. कानाच्या डॉक्टरने कान तपासून छान आहे म्हणून सांगितलं. फ्रीज चालू झाला की चिवचिव वाढायची, करवत चालू झाली की वाढायची, आणि मध्येच एकदम बंद पडायची. बंद पडली की तात्या श्वास रोखून ती परत यायची वाट बघायचे, कारण कारखान्यातही ती अशीच बंद पडायची, डावीकडच्या पिंपाखालचं यंत्र सुरू झालं की. म्हणून ते डाव्या कुशीवर झोपायचे, कान उशीत खुपसून.

अशा घरात कोंबडी आली. शेजारच्या बेकरीवाल्या बाईंनी दिली, "उरलासुरला पाव खाऊन माजलीय, घेऊन जा," म्हणून. तांबूस रंगाची, तोऱ्यात चालणारी, कुणाला जवळ येऊ न देणारी. मुलीने तिचं नाव बाईसाहेब ठेवलं. काही दिवस बाईसाहेबांनी अंडी दिली आणि एका सकाळी दुकानातल्या भुशाच्या खोक्यात जाऊन बसल्या त्या उठेचनात. पिसं फुलवलेली, नजर कुठेतरी लांब लागलेली, हात पुढे केला की गुरगुर.

"खुडूक झाली," बेकरीवाली म्हणाली. "हिची ही पहिलीच खेप. माझ्याकडे कोंबडा आहे, त्याच्या खुराड्यातल्या कोंबड्यांची अंडी देते, ठेवा हिच्याखाली." मग मुलीच्या पोटाकडे बघून हसली. "एका घरात दोन पहिलटकरणी. तात्या, तुमची काही खैर नाही."

"बाबांना काय अवघड आहे?" मुलगी म्हणाली. "त्यांनी जन्म पिल्लांतच काढलाय."

तात्यांनी हात काखेत आणखी आत सरकवले. पण खोकं अंगणातल्या जिन्याखाली हलवल्यावर ते स्टूल घेऊन समोर बसले ते बसलेच. कोंबडी अंडी चोचीने फिरवते, कडेचं मधे आणि मधलं कडेला करते, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. पोटाखालची पिसं ती उपटून टाकते, कातडी थेट अंड्याला लागावी म्हणून, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. दिवसातून एकदा ती उठायची, घाईघाईने दाणे टिपायची, पाणी प्यायची, मातीच्या कुंडीत अंग घोळवायची आणि पळत परत यायची. तात्या तिच्या वाटेतून पाय उचलून घ्यायचे.

एकदा मुलगी तपासणीला गेली होती आणि बाईसाहेब चुकल्या. कुंडीतून उठून सरळ शेजारच्या रिकाम्या खोक्यात जाऊन बसल्या, डोळे मिटून, जणू सगळं व्यवस्थित चाललंय. इकडे अंडी उघडी. "अगं बये, ते तुझं नाही! इकडे, इकडे!" तात्यांनी तिला हाका मारल्या, दाणे टाकले, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. अंड्यांवर स्वतःचे हात ठेवायचं त्यांच्या मनात आलं, पण हात काखेतून निघेनात. शेवटी त्यांनी अंगातला स्वेटर काढून अंड्यांवर पांघरला आणि काठीने रिकामं खोकं हळूच कलतं केलं. बाईसाहेब शिव्या घालत उतरल्या, स्वेटर चोचीने ओढून फेकला आणि आपल्या जागी बसल्या. मुलगी आली तेव्हा तात्या थंडीने कुडकुडत स्टुलावर होते आणि बऱ्याच दिवसांनी हसत होते.

मग अंडी बोलायला लागली. मुलीने एक अंडं उचलून वडलांच्या कानाला लावलं, तेही डाव्या. "ऐका, बाबा!" आतून बारीक चिवचिव येत होती. तात्या पांढरेफटक पडले. तो तोच आवाज होता, त्यांच्या कानातला, आणि बाहेरचा कुठला नि आतला कुठला हे त्यांना कळेना. त्यांनी मान मागे घेतली तेवढ्यात खोक्यातून बाईसाहेबांनी उत्तर दिलं. दबक्या, घोगऱ्या सुरात, आजवर न काढलेल्या. अंड्यातला आवाज क्षणभर थबकला आणि पुन्हा सुरू झाला, पण जरा सावकाश.

तात्यांनी तोंड फिरवलं. कारखान्यात त्या पिल्लांना कधी कुणी उत्तर दिलं नव्हतं.

पहिलं पिल्लू बाहेर पडलं तेव्हा बाईसाहेब दचकून उभ्याच राहिल्या. पोटाखाली हे ओलं, वळवळणारं काय आलं म्हणून त्यांनी त्याच्या डोक्यात चोच हाणली. "अगं, तुझंच आहे ते!" तात्या ओरडले. कोंबडीने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं, मग पिल्लाकडे, आणि खाली बसून ते पंखाखाली ओढलं. संध्याकाळपर्यंत सगळी बाहेर आली. तात्यांनी अभिमानाने जावयाला फोन करून सांगितलं, आणि इतक्या वर्षांत सासऱ्यांचा स्वतःहून पहिलाच फोन आल्यामुळे जावई बिचारा घाबरून रस्त्याच्या कडेला थांबला.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाली पिल्लं बघायला आली. येताना पाव घेऊन आली आणि आल्या आल्या कामाला लागली. "तात्या, कोंबड्या किती आणि कोंबडे किती, ते सांगा. कोंबडे झाले तर मी नेईन, तुमच्या अंगणात कशाला भांडणं?"

"मोठे झाले की तुरे दिसतीलच," तात्या म्हणाले. "घाई काय आहे?"

"एका दिवसाचीच तर तुम्हाला ओळखता येतात, हिनेच सांगितलंय."

"बाबा एका नजरेत सांगतात," मुलगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लहानपणीचा गर्व होता. बापाचं काम तिने कधी पाहिलं नव्हतं. बाप काहीतरी फार अवघड करतो, एवढंच ती शाळेत सांगत आलेली. तात्यांना तो गर्व मोडवेना. त्यांनी काखेतून हात काढले.

मुलीने पिल्लं टोपलीत घालून दुकानात आणली. बाईसाहेब आकांत करत मागोमाग आल्या. काच कापायच्या टेबलावरचा दिवा मुलीने खाली ओढून पेटवला. झगझगीत दिवा, गुळगुळीत टेबल, टोपलीतला कालवा. तात्या टेबलाशी बसले, तसे त्यांचे खांदे आपोआप पुढे झुकले.

पहिलं पिल्लू. "मादी." उजवीकडे, मुलीच्या पदरात. दुसरं. "मादी." मुलगी कौतुकाने हसली. तिसरं त्यांनी उचललं, अंगठा फिरला आणि "नर" हा शब्द तोंडातून निघायच्या आत डाव्या हाताने ते फेकून दिलं.

डावीकडे पिंप नव्हतं. भिंत होती.

आवाज फार मोठा झाला नाही. तात्यांचा हात तोवर चौथ्यासाठी टोपलीत गेला होता. बेकरीवाली किंचाळली तेव्हा तो थांबला. मग ती "मी येते" एवढंच पुटपुटून मागच्या मागे निघून गेली, पाव टेबलावरच राहिला.

बाईसाहेब फरशीवर पडलेल्या पिल्लापाशी गेल्या. त्याच्या शेजारी चोच आपटून त्यांनी दाणा दाखवायचा आवाज काढला. तिथे दाणा नव्हता. पुन्हा काढला. जरा वाट पाहिली. मग टोपलीतल्या पिल्लांचा गलका ऐकून त्या तिकडे वळल्या आणि त्यांनी पुन्हा मागे बघितलं नाही.

"बाबा," मुलगी म्हणाली. "डावीकडे काय असायचं?"

"पिंप."

"आणि पिंपात?"

"खाली यंत्र होतं."

"सगळे नर?"

"सगळे. अंडी देत नाहीत ना ते." तात्या स्वतःच्या हाताकडे बघत होते. "मी मुद्दाम नाही केलं गं. मला कळलंसुद्धा नाही. पोरी, मला कळलं नाही, हेच तर वाईट आहे."

तिने पदरातली पिल्लं टोपलीत ठेवली, पडलेलं पिल्लू कागदात गुंडाळलं आणि टोपली घेऊन अंगणात गेली. तात्या खोलीत गेले. कपाटावरची बॅग काढून तिच्यात शर्ट भरायला लागले. कानातला आवाज वाढत वाढत एवढा झाला होता की मुलगी दारात येऊन उभी राहिलेली त्यांना कळली नाही.

"कुठे निघालात?"

"बाळ यायच्या आत जातो. कुठेही. खोली बघतो."

"हे काय मधेच?"

"तू त्याला माझ्या हातात देशील," तात्या म्हणाले. "आणि मुलगा असला तर?"

मुलीचा हात झटकन पोटावर गेला. तिने तो लगेच खाली घेतला, पण तात्यांनी पाहिला होता. त्यांनी बॅगेची चेन ओढली. मुलगी दारातून निघून गेली आणि आता ती येणार नाही, असंच त्यांना वाटलं. ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. भांडणारी, रडणारी पोर त्यांना सोसली असती. हा पोटावरचा हात सोसत नव्हता.

ती आली तेव्हा तिच्या ओंजळीत पिल्लू होतं. बाईसाहेबांनी टोचलेलं तिचं मनगट लाल झालं होतं. "हात पुढे करा."

"नको."

"डावा. करा पुढे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग. "मला तुमचा राग आलाय, बाबा. खूप आलाय. तो मी नंतर काढणार आहे, सावकाश, तुम्ही इथे असताना. आधी हे धरा."

"अगं, पुन्हा झालं तर?"

"मी मनगट धरते."

तिने धरलं. पकड सुतारकाम करणाऱ्या बाईची होती. पिल्लू तळहातावर आलं तसा अंगठा शेपटीकडे सरकायला लागला. मुलीने तो बोटाने बाजूला केला. "बघायचं नाही. काय आहे ते मला नकोय."

कारखान्यात प्रत्येक पिल्लाला जेवढा वेळ मिळायचा तेवढा झाला, आणि हाताला झटका आला. मुलीने मनगट आवळलं. पुन्हा आला, पुन्हा आवळलं. तात्यांच्या कपाळावर घाम आला. पिल्लू ओरडत होतं, कान ओरडत होता, आणि दोघांतलं कुठलं थांबेल या धास्तीने तात्यांनी डोळे गच्च मिटले.

मग एक आवाज खरंच थांबला. तात्यांनी डोळे उघडले. पिल्लाची मान एका अंगाला कलली होती. खालच्या पापण्या वर सरकत सरकत अर्ध्यावर आल्या होत्या. अंग सैल पडून सगळा भार बोटांवर आला होता.

"मेलं," तात्या म्हणाले. त्यांचा सगळा चेहरा वाकडा झाला. "मी काही केलं नाही. तू हात धरला होतास. मी काहीच केलं नाही गं, तरी मेलं!"

"बाबा, हळू. झोपलंय ते."

तात्यांना ते समजलं नाही. त्यांनी पिल्लू चेहऱ्याजवळ नेलं. पाठ वरखाली होत होती. लाखो पिल्लं ज्या हातातून गेली त्या हातात ते तसंच पडून राहिलं, डोळे पूर्ण मिटून.

"झोपतात ही?" तात्यांनी विचारलं.