आवळे पाळकांची साक्ष

अनुजाच्या आईचा, शालूबाईंचा फोन आला तेव्हा पाळक शमुवेल आवळे रविवारची उपासना आटोपून जेवायला बसले होते.

"पाळकसाहेब, अनुनं आतनं कडी घातलीया. हाक मारली तर ओ देत न्हाय. मघाशी म्हणत हुती, मला आता जगायचं न्हाय."

ते ताटावरून उठले आणि स्कूटरवरून राजारामपुरीकडं सुटले. अनुजा संडेस्कूलची शिक्षिका. चार वर्षं नैराश्याच्या गोळ्या घेत होती. दीड महिन्यापूर्वी उपास-प्रार्थनेत आवळ्यांनीच तिला पुढं उभं करून चर्चच्या मंडळीला सांगितलं होतं, "प्रभूनं हिला बरं केलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात तिनं गोळ्या सोडल्या. आवळ्यांना ते कळलं होतं, तरी ते गप्प राहिले होते.

खोलीच्या दाराशी मंडळीतल्या तीन बायका मोठमोठ्यानं प्रार्थना करत होत्या. एक म्हणाली, "सैतान शिरलाय तिच्यात. हाकला त्याला!"

"आधी गप्प बसा," आवळे ओरडले. "शालूबाई, तिच्या डॉक्टरबाईंना फोन लावा. शेजारच्यांना पहार घेऊन बोलवा."

मग ते दाराला टेकून खाली बसले.

"अनुजा, मी आवळे. ऐकतीस न्हवं?"

आत खुर्ची सरकली. शालूबाईंनी तोंडात पदर कोंबला.

"मी चुकलो. तू बरी झालीस, हे मला प्रभूनं सांगितलं न्हवतं. तसं व्हावं असं मला वाटत होतं, म्हणून मी बोलून बसलो."

पहार घेऊन शेजारी आला. आवळ्यांनी त्याला हातानंच थांबवलं.

"म्हणजे माझा विश्वास कमी पडला न्हाय?" आतून आवाज आला.

"न्हाय गं. माझी अक्कल कमी पडली."

"हे सगळ्यांसमोर सांगाल?"

"ह्या तिघी ऐकाय लागल्यात. रविवारी बाकीच्यांना सांगतो."

कडी निघाली. अनुजा बाहेर आली. शालूबाईंनी तिला घट्ट धरलं आणि तसंच रिक्षात बसवलं. दवाखान्यात ती नऊ दिवस राहिली.

पुढच्या रविवारी आवळ्यांनी आपले शब्द मागं घेतले. दोन कुटुंबं रागानं मंडळी सोडून गेली. अनुजाला गोळ्या पुन्हा लागू पडायला नाताळ उजाडला. आवळे दर बुधवारी तिच्याकडं जात.

"मी अजून तुम्हाला माफ केलं न्हाय," एकदा ती म्हणाली.

"बरं," आवळे म्हणाले, आणि समोर ठेवलेला चहा घेतला.