भोंग्याची वेळ

माझी बायको चंद्रभागा गेली तेव्हा तिच्या मनगटावर घड्याळ होतं. नर्सबाईनं ते काढून माझ्या हातात दिलं. ते चालू होतं. तेरवीला तिची लुगडी वाटून दिली. आमची मुलगी हर्षा म्हणाली, बाबा, घड्याळही देऊन टाका, गेलेल्या माणसाच्या अंगावरची वस्तू घरात ठेवत नाहीत. मी दिलं नाही.

साधं लेडीज क्वार्ट्झ घड्याळ, स्टीलच्या पट्ट्याचं. मीच भंडाऱ्याहून, मधुकररावांच्या घड्याळाच्या दुकानातून आणून दिलं होतं. मी करडीच्या शाळेत शिपाई होतो. रेडिओच्या वेळेवर शाळेची घंटा द्यायचो. चंद्रभागा राईस मिलमध्ये उकडलेलं धान वाळवायला जायची. मिलचा भोंगा रेडिओच्या वेळेच्या मागं वाजायचा. भोंगा वाजवणाऱ्या चौकीदाराचं घड्याळच मागं होतं, आणि मालकाच्या माणसाला ते सांगणार कोण? निदान आपल्या घरात तरी बरोबर वेळ असावी म्हणून मी तिला घड्याळ घेऊन दिलं. पहिल्याच सकाळी तिनं ते भोंग्याच्या वेळेला लावलं.

मी म्हटलं, हे चुकीचं आहे, मागं आहे. ती म्हणाली, "मिलचं फाटक का तुमच्या रेडिओवर बंद होते?"

यावरून आमचं कायम चालायचं. शिपायाच्या घरी दोन टाइम आहेत असं लोक हसायचे. पुढं मिल बंद पडली, मशिनी विकल्या गेल्या, भोंगाही गेला. तिनं घड्याळ मागंच ठेवलं. सेल बदलायला आम्ही मधुकररावांकडं जायचो. ते वेळ बरोबर करून द्यायचे. एसटी स्टँडवर आलो की ती माझ्याकडं पाठ करायची, चावी ओढायची आणि काटे मागं फिरवायची. मी हसतो म्हणून पाठ करायची. भोंगा नव्हता, तरी किती मागं न्यायचं ते तिला माहीत होतं.

दवाखान्यात शेवटी तिला बोलताना धाप लागत होती. किती वाजले, असं तिनं विचारलं. मी भिंतीकडं मान वळवली.

"अजी, भितीवरचं नोका सांगू," ती म्हणाली. "माह्या घड्याळातलं सांगा."

मी तिचा हात उचलून घड्याळ पाहिलं आणि सांगितलं.

"मंग आहे अजून टाइम."

त्यानंतर ती काही बोलली नाही.

ती गेल्यापासून मी रेडिओ लावला नाही. मी रिटायर झालो होतो, घंटा द्यायची नव्हती. घड्याळ उशाशी ठेवायचो. त्यातली वेळ तिच्या हातानं लावलेली होती, आणि ती तशीच पुढं चालली होती. मला एवढंच पाहिजे होतं की ती चालत राहावी.

एका सकाळी सेकंदकाटा थांबून थांबून उड्या मारताना दिसला. सेल संपत आला की हा काटा असं करतो, हे मधुकररावांनी आम्हाला पूर्वी सांगितलं होतं. तोवर वेळ चुकत नाही, पण पुढं घड्याळ बंद पडतं. मी भाकर तशीच ठेवली आणि भंडाऱ्याची बस धरली.

मधुकररावांना चंद्रभागा गेल्याचं कळलं होतं. त्यांनी मला आत बसवलं. मी त्यांना नीट सांगितलं की घड्याळ आहे तितकंच मागं राहिलं पाहिजे. सेल बदलायला जेवढा वेळ जाईल तेवढाच काटा पुढं करायचा, बाकी हात लावायचा नाही.

"धनीरामभाऊ, सारे लोक बरोबर टाइम मागते," ते हसत म्हणाले. "तुमीच येकटे चुकीचा मागून राहिले."

"तिचा टाइम आहे थो."

मग ते हसले नाहीत. बरं म्हणाले.

डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचं झाकण काढलं. प्लास्टिकच्या चिमट्यानं जुना सेल उचलला. सेल किंचित पाझरला होता. अजून काही दिवस राहिला असता तर मशीन खाऊन टाकली असती, असं म्हणाले. ती जागा त्यांनी पुसून घेतली, नवा सेल बसवला, रबराची रिंग बदलून झाकण दाबलं. मग पट्टा ब्रशनं झाडला. कड्यांमधून पांढऱ्या कागदावर बारीक भुरकट भुगा पडला. तो धानाचा कोंडा होता. मिल बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी तिच्या पट्ट्यात राहिला होता. मी तो पाहत राहिलो. मधुकररावांनी कागद उचलला आणि फुंकर मारली.

तेवढ्यात एक बाई गजराचं घड्याळ घेऊन आल्या. मधुकरराव त्यांच्याशी बोलू लागले. बोलता बोलता भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहून त्यांनी आमच्या घड्याळाची चावी ओढली, फिरवली, दाबली. मला उठायलाही वेळ मिळाला नाही. घड्याळ आणि भिंत एक झाली होती.

"मधुकरराव, तुमी टाइम मिळवला."

ते आपल्याच हाताकडं पाहत राहिले. "हात गेला जी. चुकीच्या टाइमाचं घड्याळ या हातानं कोनालेच देल्लं नाई."

"किती मागं होतं?"

"पाह्यलंच नाई मी." त्यांनी चावी पुन्हा ओढून धरली. "तुमी सांगा. तितकं मागं करून देतो."

मला सांगता आलं नाही. मागं आहे, मागं आहे, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. किती मागं आहे ते कधी पाहिलं नव्हतं. चुकीचंच आहे, मग मोजायचं कशाला? मधुकरराव म्हणाले, अंदाजानं सांगा. अंदाजाची वेळ माझी झाली असती, तिची नाही. मी चावी दाबायला सांगितली.

करडीला उतरून घरी न जाता गिरजाबाईकडं गेलो. ती चंद्रभागेसोबत मिलमध्ये होती. ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत होती. भोंगा रेडिओच्या किती मागं वाजायचा, असं मी तिला विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ आठवून पाहिलं.

"मागं होता का थो?" ती म्हणाली. "आमाले त् थोच टाइम होता, भाऊजी. मागं-पुढंचं चंद्रभागालेच मालूम."

संध्याकाळी मी रेडिओ काढला, सेल घातले आणि लावला. बातम्यांच्या आधी टूं टूं वाजलं. शेवटच्या आवाजाला घड्याळाचा मिनिटकाटा बरोबर बारावर आला. इतकी वर्षं मी तिला हेच सांगत होतो.

बातम्या ऐकल्या नाहीत. रेडिओ बंद केला.

घड्याळ चालू आहे. बरोबर चालतं.