नरडाण्याचा पहिला हात

"तुह्यी कॅसेट धुतेल हाये भो," लीलाधर म्हणाला आणि बशीतला चहा त्याने शांतपणे ओढला.

पुना बोरसे उभा होता, तो मटकन खाटेवर बसला. गुरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं ड्रेसर. बैलाची लाथ बसली तरी तो उठून पुन्हा पट्टी बांधायचा, पण हे वाक्य त्याला बैलापेक्षा जोरात लागलं.

"धुतेल म्हणजे?"

"म्हणजे शेवट कापेल. मह्याजवळ तेच नरडाणं हाये, तिसऱ्या हातचं. खरखर लय, पन तुह्यापेक्षा अकरा सेकंद जास्त. घड्याळ लावून मोजले मी. पहिला हात तिसऱ्या हातापेक्षा आखूड कसा राहीन, तूच सांग न भो."

लीलाधर सावद्याचा. केळीच्या गाड्या भरून देणारा माणूस. घडाकडे लांबून बघून वजन सांगायचा आणि किलोनेही चुकायचा नाही. असल्या माणसाशी अकरा सेकंदांवर वाद घालून उपयोग नसतो. तो रविवारी सकाळीच धुळ्यात उतरला होता, पिशवीत दोन फण्या केळी आणि एक कॅसेट घेऊन. केळी त्याने पुनाच्या बायकोला दिली. कॅसेट मांडीवर ठेवली.

हे सगळं वेड होतं लग्नाच्या बँडचं. आता कोणाला सांगितलं तर हसतील. तेव्हाही हसायचेच. पण पंच्याऐंशी ते पंच्याण्णव या काळात खानदेशात वीस-पंचवीस माणसं अशी होती की जी लग्नाला नवरानवरी बघायला जातच नव्हती. पत्रिका असो नसो, बँड कोणाचा आहे ते विचारायची आणि टू-इन-वन पिशवीत घालून एसटी पकडायची. कोणी तलाठी, कोणी जिनिंगमधला फिटर, कोणी मास्तर. मुलीकडचे समजायचे मुलाकडचे आहेत, मुलाकडचे समजायचे मुलीकडचे. वरण-बट्टी खाऊन, एक बाजू भरून, ही माणसं परत. मग कॅसेटींची देवघेव. विकायची नाही, हा नियम. एक द्यायची, एक घ्यायची. जिथे भरली ती पहिला हात, तिच्यावरून भरली ती दुसरा हात. पाचव्या हातापर्यंत क्लॅरोनेट आणि पिठाची गिरणी यांत फरक उरायचा नाही, तरी लोक डोळे मिटून ऐकायचे. टपाल म्हणजे भटू. भटू शिरपूर डेपोचा कंडक्टर. तिकिटांच्या पेटीत तिकिटं कमी आणि कॅसेटी जास्त.

टेपचं हेड साफ करायला स्पिरिट लागतं. ते पुनाकडे सरकारी होतं. त्या दहा वर्षांत धुळ्यातल्या किती बैलांच्या जखमा नुसत्या पाण्याने धुतल्या गेल्या, हे बैलांनाच माहीत.

आणि या सगळ्या कॅसेटींचा राजा म्हणजे नरडाणं. मे सत्त्याऐंशी. झिपरू मास्तरचा बँड. मारुतीच्या पारापासून मांडवाच्या दारापर्यंत बावीस मिनिटं मास्तरांनी क्लॅरोनेट तोंडातून काढलं नाही. नवव्या मिनिटाला कोणाचा तरी बैल हंबरतो आणि मास्तर त्याला क्लॅरोनेटवर उत्तर देतात. बैल पुन्हा हंबरतो. मास्तर पुन्हा. चाळीसगावचा एक हेडमास्तर ही जागा ऐकून रडायचा. पुना फक्त एवढंच म्हणायचा, "बैल नाही तो, गोऱ्हा आहे. दोन दाती." हा त्याचा अधिकार होता. कारण ती कॅसेट त्याने भरली होती. पगारवाढ नाही, बढती नाही, डॉक्टर त्याला नावाने हाक मारत नव्हता, पण यावल-रावेरपर्यंत लोक म्हणायचे, "नरडाणं भरणारे पुनाभाऊ ते हेच."

आता हा केळीवाला म्हणत होता की तू भरलेलंच नाहीस.

"मह्या मते," लीलाधर म्हणाला, "भरणारा दुसराच कोणी हाये. तू त्याच्याकडून घेतली. नाहीतर तो शेवट कोठी गेला?"

त्या शेवटात काय होतं, ते सगळ्यांनाच माहीत होतं. सूर संपतो, ढोलाचा एक ठोका पडतो आणि एक माणूस भुंकतो: "ए बँडवाला, तठे नका बठा. बठ्ठा बाहेर चाला. पंगत उठनी म्हंजे दखसूत." म्हणजे तिथे बसू नका, सगळे बाहेर व्हा, पंगत उठली की बघू. तिसऱ्या-चौथ्या हातात तो आवाज खरखरीत बुडालेला, रेड्याचा का माणसाचा ते कळू नये असा. शौकीन मंडळींत ती गंमत होऊन बसली होती. एकत्र जेवायला बसले की कोणी तरी नाक दाबून म्हणायचा, "बठ्ठा बाहेर चाला," आणि सगळे हसायचे. पुना सगळ्यांपेक्षा जोरात हसायचा.

कारण तो आवाज पुनाचा होता.

नवरी त्याची भाची. तो मामा, पंगतीचा कारभार त्याच्याकडे. मारुतीचा पार मांडवासमोरच, म्हणून टेप त्याने मांडवाच्या खांबामागे पोत्यावर ठेवली होती. बावीस मिनिटं तो त्या खांबाला टेकून ढसाढसा रडला. सूर संपला, कोणी तरी ओरडलं, "मामा, पंगत बसतेय." बँडवाले दमून मांडवाच्या कडेला टेकले होते. डोळ्यांतलं पाणी पुसायच्या आधी पुनाच्या तोंडातून ते वाक्य निघून गेलं. त्यात त्याला काही वाटलं नाही. गावात कोणालाच वाटत नव्हतं. बँड गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. त्यांचा सूर मांडवात चालायचा, त्यांचं बूड चालत नव्हतं. टेप मात्र चालूच राहिली होती. यंत्राला जातपात कळत नाही, ते सगळंच भरून घेतं.

पहिल्या वर्षी चार जणांना त्याने अख्खी कॅसेट भरून दिली. मग एकदा शिरपूरला कोणी तरी विचारलं, "हा कोण हरामखोर मधेच बोलतो?" पुना म्हणाला, "काय माहीत." त्या दिवसापासून तो शेवट कापून द्यायला लागला आणि पहिला हात म्हणूनही तीच कापलेली वाजवून दाखवायला लागला. मूळ कॅसेट, पुसली जाऊ नये म्हणून दोन्ही कान मोडलेली, ट्रंकेत इंजेक्शनच्या रिकाम्या डब्यात होती. ती वाजवली असती तर वाद एका मिनिटात संपला असता. पण पहिल्या हातात आवाज लख्ख होता. शेजारचं कुत्रंसुद्धा ओळखून शेपूट हलवेल इतका.

"भांडू नका," असं म्हणत त्याच वेळी भटू दारात आला. "मी निकालच लयेल शे."

त्याच्यामागे एक म्हातारा उभा होता. टोपी, धुतलेला पण इस्त्री नसलेला सदरा, हातात कापडी पिशवी. ओठ आत गेलेले. पुनाने ओळखलं. झिपरू मास्तर. दात गेल्यावर क्लॅरोनेट धरता येत नाही. तोवर बँडही गाडीवर चढले होते. कॅसिओ, कर्णे आणि सूट घातलेली पोरं. मास्तर पाच वर्षं घरीच होते.

"आठे कोठे बठू?" मास्तरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उंबऱ्याच्या आत, चपलांशेजारी बसले. लीलाधरने स्टूल पुढे केलं. मास्तरांनी त्याच्यावर पिशवी ठेवली.

"मास्तर," लीलाधर म्हणाला, "दोन कॅसेटी हायेत. नरडाण्याचं लगीन. कोनती खरी ते तुम्ही सांगा."

"मन्या कॅसेटी शेतस?" मास्तरांना गंमत वाटली. "माले त कोनी सांगंच नही."

हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वीस-पंचवीस शौकीन, चार-पाचशे कॅसेटी, आणि ज्याचा श्वास त्यांत भरला होता त्याला एकाने पोस्टकार्ड टाकलं नव्हतं. भटू उगाच तिकिटांची पेटी उघडझाप करू लागला.

आधी लीलाधरची वाजली. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. बैल हंबरला, क्लॅरोनेटने उत्तर दिलं. लीलाधरने अपेक्षेने बघितलं.

"बैल चांगला शे," मास्तर म्हणाले.

शेवटचा आवाज खरखरीत कुठे तरी गुरगुरला. मास्तरांनी कान पुढे केला. मग पुनाची धुतलेली वाजली.

"हाई बी मनंच व्हई," मास्तर म्हणाले. "भाऊ, मी तीस वरीस वाजाडं. एका लगीनसराईमा चाळीस लग्नं. मारुतीपासून मांडव लगून त रोजच ऱ्हाय. कोनतं नरडाणं नि कोनतं सोनगीर, काय सांगू?"

"सांगता येत नाही ना? मग संपलं," लीलाधर पुनाकडे वळला. "मी सावद्याले जाऊन सांगतो. नरडाण्याचा पहिला हात कोनाजवळ नाही. तू तठी नव्हताच भो."

मंजुळाबाई, पुनाची बायको, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. पुना तिच्याकडे न बघता आत गेला. ती मागोमाग गेली.

"काय काढी ऱ्हायनात ट्रंकमाथून?"

"काही नही."

"त्या आवाजले सत्तावीस वरीस व्हई गयात मी वळखस. त्या केळीवालाले दोन मिनिटं लागतीन. आन तो म्हातारा आठे बठेल शे."

"तो म्हणतो मी नव्हतोच," पुना म्हणाला.

"मंग नव्हतात. काय बिघडनं?"

आता इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. पुनाला त्या क्षणी पश्चात्ताप वगैरे काही झालेला नव्हता. आयुष्यात एकच गोष्ट त्याने केली होती आणि ती सावद्याचा माणूस पिशवीत घालून नेत होता. माणूस अब्रूसाठी काय करेल सांगता येत नाही. कधी कधी तो खरंसुद्धा बोलतो.

त्याने कॅसेट आणली. पेन्सिलने पट्टी ताणून घेतली, हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि बटण दाबलं.

पहिला हात तो पहिला हात. खोलीत मे महिना आला. फेटेवाल्यांच्या खाकरण्यापासून खुळखुळ्यातल्या छऱ्यांपर्यंत सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं. लीलाधर पुढे वाकला. त्याने आयुष्यात प्रथमच मास्तरांचा श्वास घेतल्याचा आवाज ऐकला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. बावीस मिनिटं कोणी हललं नाही. मास्तरांची बोटं गुडघ्यावर चालत होती, भोकं झाकत, उघडत.

सूर संपला. ढोलाचा ठोका पडला.

"ए बँडवाला, तठे नका बठा. बठ्ठा बाहेर चाला. पंगत उठनी म्हंजे दखसूत."

पुनाने टेप बंद केली. भटू स्वतःच्या पायांकडे बघत होता. लीलाधर पुनाकडे बघत होता, मग टेपकडे, मग पुन्हा पुनाकडे.

"हाई," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "हाईच नरडाणं. आते वळखं मी. आम्ही सतरा जन व्हतूत. तीन पंगती उठन्यात, मंग वरण सरी गयं. बट्टी व्हती, पन वरण नही. सुक्की बट्टी कोन गिळी? चालत ठेशनवर गयूत. तठे एक केळीवाली व्हती, तिना पुरा टोपला खादा आम्ही. ढोलवाला त सालटासगट." ते बोळक्या तोंडाने हसले. "सूर मना ध्यानमा नही भाऊ. हाऊ आवाज बराबर ध्यानमा शे."

कोणी हसलं नाही.  लीलाधर केळीचं वजन सांगावं तसं म्हणाला, "पहिला हात हाये. मान्य." मग टेपकडे बोट दाखवून, "पुनाभाऊ, तू तठी व्हता."

आतून मंजुळाबाईचा आवाज आला, "पानं वाढेल शेतस." तिने वरण-बट्टी केली होती, वांग्यांची भाजी केली होती, आणि चार पानं आत, एका ओळीत मांडली होती.

पुना उठला. हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना.

"मास्तर, चाला. आत चाला."

मास्तरांचे दात गेले होते, कान शाबूत होते. उठायला जमिनीवर टेकवलेला हात त्यांनी तसाच ठेवला. टेपकडे बघितलं. मग पुनाकडे, पायांपासून डोक्यापर्यंत, सावकाश.

"हां," ते म्हणाले.

राग नव्हता त्या आवाजात. खूप दिवस हरवलेली चावी सापडल्यावर माणूस म्हणतो, तसं.

"तुम्ही जेवी ल्या भाऊ," मास्तर म्हणाले. "पंगत उठनी म्हंजे दखसूत."

त्यांनी खाटेजवळ ठेवलेल्या, लीलाधरने आणलेल्या फणीतली दोन केळी तोडली, एक भटूला दिलं, एक स्वतः सोललं. दात नसलेल्या माणसाला केळं बरं पडतं. ते खाऊन झाल्यावर साल घडी घालून पिशवीत ठेवली, मंजुळाबाईला हात जोडले आणि भटूला म्हणाले, "चाल, मोटर चुकाडशी."

आत चार पानं वाढलेली. लीलाधर एकटाच जेवला. त्याला लांब जायचं होतं. पुना समोर बसून बट्टी कुस्करत राहिला. मंजुळाबाईने वरण पुन्हा विचारलं नाही.

लीलाधरने निघताना कोरी कॅसेट पुढे केली. "भरून दे. अख्खी."

त्या आठवड्यात पुनाने सात कॅसेटी भरल्या, सगळ्या अकरा सेकंदांसकट. एक भटूच्या पेटीतून मास्तरांच्या गावी गेली. प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर त्याने दवाखान्याच्या रजिस्टरात लिहायचा तसल्याच गोल अक्षरांत लिहिलं:

"नरडाणा, मे १९८७. क्लॅरोनेट – झिपरू मास्तर. गोऱ्हा – अनोळखी. शेवटचा आवाज – पुना बोरसे, ड्रेसर."