सोडला का?

चांगदेवनं दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून धरले.

"वहिनी, बाटल्याचं असं असतंय. एका अंगाला गॅस, एका अंगाला तेल, मधी पिस्टन. प्रेसची मोटर बंद केली, लाइट घालवली, तरी आत दाब कोंडलेलाच ऱ्हातो. तो आधी सोडायचा, मगच पाइपाचा नट ढिला करायचा."

सोनमनं कप त्याच्यापुढं सरकवला. मघाशी चहा उतू गेला, तेव्हाही ती नुसती बघत उभी राहिली होती. प्रेसला जोडलेल्या त्या जाड नळकांड्याला कंपनीत सगळे बाटला म्हणतात, हे तिनं नवऱ्याच्या, मल्हारच्याच तोंडून ऐकलं होतं. त्याच बाटल्याचा पाइप सुटून तो गेला.

सासूबाई, सारजाबाई, उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्या दिवशी लेकाचा खंडोबाचा रविवार होता. लहानपणी त्यांनीच त्याला तो उपास धरायला लावलेला. माझं पोरगं उपाशी गेलं, एवढंच त्या भेटायला येणाऱ्याला सांगत आणि पुढ्यातलं ताट सरकवून देत.

"उद्या माझा जबाब हाय," चांगदेव म्हणाला. "नट मी ढिला केला, हे समद्यांना ठावं हाय. पन मी त्याला इचारलं व्हतं. प्रेसच्या अल्याडनं वरडलो, सोडला का? पल्याडनं तो म्हनला, सोडला. हे सांगितलं तर ठपका त्याच्यावर जातोय. म्हनून म्हनलं, आधी तुमच्या कानावर घालावं." तो थांबला. "खोटं बोलनारा गडी न्हवता ओ तो. मग असं का म्हनला?"

चांगदेवनं कप उचलला.

"सकाळपासनं तर चेष्टा चालली व्हती आमची. म्हनलं, मल्हारी, सोड तो उपास, देव काय पाना धरायला येनार हाय व्हय? माझा डबा त्याच्यापुढं ठिवला आन् कामाला लागलो."

सोनमनं मान वर केली.

"तुमी नुसतं 'सोडला का' म्हनला? का 'बाटला सोडला का'?"

"नुसतंच. मशीनपाशी दुसरं काय इचारनार मानूस?"

सोनम पदरानं फरशीवरची एकच जागा पुसत राहिली. त्या दुपारी मल्हारचा फोन आला होता. चक्कर येतीय म्हणाला. आजच्या दिवस सोडा उपास, असं तीच म्हणाली. सोडतो, पण आईला सांगू नको, म्हणाला. तिनं सांगितलं नव्हतं. नेम मोडला म्हणून देवानं नेलं, असं सासूबाईंच्या तोंडून आलं असतं तर त्यानंतर त्या घरात कसं राहायचं, ते तिला कळत नव्हतं.

"त्यांनी खरंच सांगितलं," ती हळू आवाजात म्हणाली. "उपास सोडला व्हता त्यांनी. मीच सोडा म्हनले फोनवर. त्यांना वाटलं, तुमी त्येच इचारताय."

चांगदेवचा कप हातातच राहिला. चहावर साय धरली होती.

"म्हंजी मी बाटल्याचं नावच..."

सोनमनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती उंबऱ्याकडं बघत होती.

सारजाबाई चांगदेवला म्हणाल्या, "काय व्हतं तुझ्या डब्यात?"

"आं?"

"डब्यात काय व्हतं?"

"भाकर, मावशी. गवारीची भाजी. ठेचा."

"समदं खाल्लं त्यानं?"

चांगदेवनं ओठ आवळले. "डबा रिकामाच घावला."

"म्हंजी उपाशी न्हाई गेला," सारजाबाई म्हणाल्या. भिंतीला हात टेकून त्या उठल्या, बाहेर जाऊन हात धुतले आणि ओल्या हातानं तशाच दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सोनम, ताटं घे. ह्याला बी वाढ. कारेगावावरनं आलाय."