सर्कशीचा तंबू शिवणारी बाई

“कुणी विचारलं तर सांगायचं, मी हात धरून बसले होते,” मोठ्या सिस्टरने फडकं पिळत बजावलं. “सगळ्याच सांगतात. आपल्या बापाचं काय जातं?”

नव्या नर्सचं लक्ष कुठलं! ती बघत होती खाटेवरच्या शिंपीणबाईंकडे. तासाभरापूर्वी या बाईंनी पाणी मागितलं होतं. “आलेच हं,” म्हणून ती शेजारची सलाईन बघायला वळली, तेवढ्यात बाई गेल्यासुद्धा. नोकरीला अठरा दिवस झालेले, आणि पहिलं मरण असं तिच्या पाठीमागे उरकलेलं.

“बघतेस काय नुसती? पूस!”

तिने बाईंचा हात उचलला. गार लागेल म्हणून श्वास रोखला होता, तर हात अजून कोमट. मग ती बोटंच बघत बसली. मुळातली भोचक पोर! अंगठ्याच्या मुळाशी दगडासारखा घट्टा, डाव्या हाताच्या बोटाच्या टोकाची सुईने पार चाळण झालेली.

“सिस्टर, हा घट्टा कशाचा?”

“कात्रीचा असेल. कानामागे पूस आधी.”

धापा टाकत बाईंची मुलगी आली. पन्नाशीची, केस विस्कटलेले. आईकडे बघून तिने एकच विचारलं, “जवळ कोण होतं?”

मोठी सिस्टर डोळे वटारून खुणावत होती.

“कुणी नव्हतं, ताई,” नवी म्हणाली. “त्यांनी पाणी मागितलं. मी आलेच म्हटलं आणि दुसरीकडे गेले. चुकलं माझं.”

“घोटभर पाणी देववलं नाही तुला?”

“नाही देता आलं.”

मोठी सिस्टर पाय आपटत निघून गेली. नवी मात्र हलली नाही. आणि नको तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “त्या काय शिवायच्या हो?”

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. खाऊ की गिळू अशी नजर. पण मग आईच्या घट्ट्यावरून बोट फिरवत ती खाली बसली.

“गणवेश. अभ्रे. एकदा तर सर्कशीचा तंबू! सहाजणींनी मिळून शिवला. मेल्यांनी फुकट पास दिला नाही. तरी ही तिकीट काढून गेली, आणि खेळभर मान वर! हत्ती आला, गेला, हिला पत्ता नाही. शिवण बघत होती!”

नवीला हसू आवरेना. मुलगीही हसली, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला.

“जा तू,” ती म्हणाली. “आता मी आहे.”

नवीने बाहेर येऊन पडदा ओढून घेतला. आतून मुलीचा आईशी बोलल्याचा आवाज येत होता. फरशी पुसणारी मावशी बादली घेऊन आलीच. “आवरलं का गं त्या खाटेचं?”

“थांबा, मावशी,” पडद्याची कड मुठीत धरून नवी हळूच म्हणाली, “आत बोलणं चाललंय.”