नऊ तारखेला मी टेबलावरून पडलो

मित्रांनो, मी एक जुना दाबमापक आहे, आणि तुमच्याशी बोलतानाही माझी धाकधूक चालूच आहे. माझं तोंड म्हणजे एक गोल तबकडी आणि तिच्यावर काटा. खाली एक दांडी, दांडीच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढी रबराची चकती. ही चकती माणसाच्या मानेवर किंवा खांद्यावर टेकवून हळूहळू दाबतात. किती दाबल्यावर दुखायला लागलं, ते मी किलोत सांगतो. थोडक्यात, लोकांना दुखवणं हे माझं काम आहे. ते अचूक व्हावं एवढीच माझी इच्छा असते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझ्या डोक्यावर एकेक किलोची वजनं ठेवून माझी परीक्षा घेतली. मी पास झालो आणि मला एक दाखला मिळाला. त्यावर ठळक छापलं होतं, ‘वर्षातून एकदा वजन लावून तपासावे.’ मी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पोचलो त्या दिवशी नेमकं तिथलं टेबल डुगडुगत होतं. कुणीतरी माझ्या दाखल्याच्या आठ घड्या घातल्या आणि तो टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल स्थिर झालं. पुढची अकरा वर्षं मी एकटाच डुगडुगत राहिलो, आतल्या आत.

ज्यांची मान महिनोन्‌महिने दुखते, त्यांच्या खांद्यावरच्या स्नायूत एक ताठ दोरी हाताला लागते आणि त्या दोरीत वाटाण्याएवढी गाठ. गाठ असते खांद्यावर, पण ती दाबली की कळ जाते भलतीकडेच. कुणाच्या कपाळात, कुणाच्या कानामागे, कुणाच्या डोळ्यात. ही गाठ आधी अंगठ्याने शोधायची, तिच्यावर पेनाने फुली मारायची आणि फुलीवर मला उभं करायचं. दुखायला लागताक्षणी माणसाने ‘आता’ म्हणायचं. एवढंच. पण तेही सगळ्यांना जमत नाही. एका गृहस्थांनी मी पेटीतून बाहेर येतानाच ‘आता’ म्हटलं. एक आजी काही केल्या म्हणेचनात. “दाब गं बाई, बरं वाटतंय,” असं म्हणत त्या चक्क झोपल्या. कोपऱ्यात एक सांगाडा उभा असतो. त्याची मान कधीच दुखत नाही. मला त्याचा फार हेवा वाटतो.

दवाखान्यात दोघीजणी. मोठ्या बाई, ज्यांचा हा दवाखाना. आणि धाकट्या बाई, ज्या सहा महिन्यांच्या बोलीवर लागल्या होत्या. “काम बघू, मग बघू,” असं मोठ्या बाई त्यांना म्हणाल्या होत्या. त्यातला दुसरा ‘बघू’ धाकट्या बाईंच्या पोटात कायमचा जाऊन बसला होता.

नऊ तारखेला सकाळी त्यांचं कोपर लागलं आणि मी टेबलावरून पडलो. फरशीवर, तोंडघशी. त्यांनी मला उचललं. काच शाबूत आहे ना ते पाहिलं. इकडेतिकडे पाहिलं. खोलीत फक्त सांगाडा होता. त्याच्याकडेही त्यांनी जरा वेळ रोखून पाहिलं. मग मला जागेवर ठेवलं.

मित्रांनो, माझ्या पोटातली स्प्रिंग सरकली होती. त्या दिवसापासून मी दोन किलोला तीन म्हणू लागलो.

यातली भीती नीट समजून घ्या. जास्त दाब सहन झाला, म्हणजे माणूस सुधारला, असा आमच्याकडचा हिशोब. मी पडलो आणि दवाखान्यातले सगळे एकदम बरे व्हायला लागले. घड्याळं दुरुस्त करणारे एक काका म्हणाले, “बाई, दुखतंय तेवढंच. पण तुमचा आकडा सुधारलाय, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल.” ते माफी मागून घरी गेले. मोठ्या बाई धाकट्या बाईंना म्हणाल्या, “हाताला गुण आहे हो तुझ्या!” धाकट्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. मोठ्या बाईंनी मलाही फडक्याने पुसलं. अकरा वर्षांत कुणी मला पुसलं नव्हतं. पुसलं ते मी खोटं बोलायला लागल्यावर.

अशात क्रेनवाले काका आले, सोबत काकू. काका उंच क्रेनच्या खोलीत बसून दिवसभर पायांमधून खाली बघत ओझी उचलायचे. त्यांच्या उजव्या खांद्यावरची गाठ आखडली की कळ डोळ्यामागे जायची आणि डोळा आपोआप मिटायचा. वर ओझं लटकलेलं, खाली माणसं चालतायत, आणि डोळा मिटलेला. म्हणून त्यांना चार महिने घरी बसवलं होतं. त्या गाठीने तीन किलो सोसले, तर मोठ्या बाई कामावर जायच्या कागदावर सही करणार होत्या.

“करा हो बाई सही,” काकू म्हणाल्या. “मी कढई उतरवायला गेले की हे खुर्चीतून हात हलवतात. डावीकडे घे, खाली सोड, थांब! मला वेड लागायची पाळी आलीय.”

“एकदा सांडलं होतंस म्हणून सांगतो.”

“एकदाच! लग्नाला बावीस वर्षं झाली!”

धाकट्या बाईंनी फुली मारली आणि मला टेकवलं. मी मनात म्हणत होतो, दोन म्हण, दोन म्हण. पण काटा कुणाचं ऐकतो? “आता,” काका म्हणाले. मी तीन पूर्णांक दोन दाखवत होतो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मात्र समोरच्या आरशात बघत होतो. आरशात काकांचा उजवा डोळा मिटला होता.

मोठ्या बाईंनी पेन उघडलं. काका शर्टाची बटणं लावत, सहज गप्पा माराव्यात तसे म्हणाले, “छान आहे हा काटा. आमच्याकडे पण असतो. रोज सकाळी आधी माहितीतल्या वजनाचा ठोकळा उचलून तो तपासायचा, मगच पहिलं ओझं. तुम्ही कशाने तपासता?”

मोठ्या बाईंनी धाकट्या बाईंकडे पाहिलं, धाकट्या बाईंनी सांगाड्याकडे.

काकांनी धाकट्या बाईंचे हात पाहिले. त्या हातांनी माझी तबकडी झाकली होती. काकांचं तिसरं बटण अर्धवटच राहिलं.

“अहो,” काकू हळूच म्हणाल्या, “होऊ दे ना सही. कशाला उकरून काढताय?”

काकांनी त्या पेनाकडे पाहिलं. मग म्हणाले, “न तपासलेल्या काट्यावर मी आजवर ओझं उचललं नाही. ते दोन किलोचं डंबेल द्या इकडे.”

धाकट्या बाईंनी मला चकती वर करून धरलं. काकांनी डंबेल उभं करून माझ्यावर सोडायला घेतलं आणि मध्येच थांबले. “खुणा कोण करणार?” शेवटी काकूंनी हात हलवले. डावीकडे घे. खाली सोड. थांब. बावीस वर्षांचं सगळं त्यांनी त्या तीन खुणांत वसूल केलं.

डंबेल दोन किलोचं. मी तीन.

“मी पाडला,” धाकट्या बाई म्हणाल्या. “नऊ तारखेला. सांगणार होते. रोज सांगणार होते.”

मी वाट बघत होतो ती ‘बघू’ची. पण मोठ्या बाई आपल्या अंगठ्याकडे बघत होत्या. “माझ्या बोटाला गाठी तेवढ्याच टणक लागत होत्या गं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, माझाच अंगठा म्हातारा झाला.” मग त्यांनी काकांचा खांदा चिमटीत धरला आणि दाबलं. काका टुणकन उडाले. डोळा मिटला. या खेपेला सगळ्यांनी पाहिलं.

पेनाला टोपण लागलं. कागद खणात गेला. काका एकदम लहान दिसायला लागले.

“चला,” काकू म्हणाल्या. त्यांनी काकांचं अर्धवट राहिलेलं बटण लावलं. “आज पातेली उतरवायची आहेत. खुणा करायला बसा.”

त्या संध्याकाळी दोन्ही बाईंनी सगळ्या बऱ्या झालेल्यांना फोन करून परत आजारी केलं. घड्याळवाले काका तर आनंदाने ओरडले, “म्हणजे मला खरंच दुखतंय!” मला दुरुस्तीला पाठवलं. धाकट्या बाईंनी टेबलाच्या पायाखालून माझा दाखला काढला, इस्त्री केली आणि भिंतीवर लावला. त्या अजून इथेच आहेत. रोज सकाळी माझ्यावर डंबेल ठेवतात. रोज मला वाटतं, आज चुकणार.

दहा आठवड्यांनी काका आले. काटा तीन पूर्णांक एकवर गेला. आरशात त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते. मोठ्या बाईंनी पेन उघडलं, आणि काकांनी हात पुढे केला. पेनासाठी नव्हे. डंबेलसाठी.

मित्रांनो, तुमच्या हातून माझ्यासारखं एखादं यंत्र पडलं, तर ते गुपचूप जागेवर ठेवू नका. त्याला उचला आणि लगेच कुणालातरी सांगा. आम्हाला सांगता येत नाही. आणि दाखल्यांना टेबलाखाली सारू नका. आमचं टेबल आता पुन्हा डुगडुगतं. परवा मी पार कडेपर्यंत घसरलो होतो. धाकट्या बाईंनी मला वरच्या वर झेललं, आणि लगेच डंबेल आणायला गेल्या.