सहीनिशी बंद केलेली कुपी

विभागप्रमुखांना तोंडावर सगळे सर म्हणत आणि पाठीमागे उद्‌घाटनराव. प्रयोगशाळेतला नवा नळ, नवी खुर्ची, एकदा तर दुरुस्त होऊन आलेला पंखाही त्यांनी फीत कापून सुरू केला होता. फीत पंख्यातच अडकली आणि पंखा परत दुरुस्तीला गेला, ते सोडा.

सोमवारी सकाळी कंपनीकडून कुपी आली. आत माणसाच्या शरीरातलं, पण कारखान्यात जिवाणूंकडून करवून घेतलेलं एक प्रथिन. रक्तपेशींना ‘वाढा’ असा निरोप देणं एवढंच त्याचं काम. वजन मिठाच्या कणाहून कमी. विभागातल्या तरुण संशोधिकेने एका बाळाच्या नाळेतल्या रक्तातून वेगळ्या केलेल्या पेशी इनक्युबेटरमध्ये या निरोपाची वाट बघत होत्या. संध्याकाळपर्यंत तो मिळाला नाही तर त्या मरणार होत्या. पुन्हा तसं रक्त मिळेपर्यंत तिची शिष्यवृत्ती संपलेली असती, आणि तीन वर्षांचं काम केराच्या डब्यात.

“कुपी मी उघडणार,” उद्‌घाटनराव म्हणाले. “फोटोवाला बोलावलाय.”

“सर, आधी यंत्रात फिरवून घ्यावी लागते. पावडर झाकणाला चिकटलेली असते. सोबतच्या पत्रकात लिहिलंय तसं.”

“पत्रकं मी तुमच्या जन्माआधीपासून वाचतोय, बाई.”

पत्रकावर त्यांचा चहाचा कप ठेवलेला होता.

फोटो निघाला. सरांनी झाकण उघडून एक डोळा मिटला, आत पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं.

“यात काहीच नाहीये!”

“दिसत नाही सर, पण असतं.”

“दिसत नाही पण असतं, हे भुताबद्दल बोलतात. प्रथिनाबद्दल नाही.”

आणि तिला हात पुढे करायलाही वेळ न देता त्यांनी कुपी उलटी करून तीनदा ठोकली. तळाशी जे काही होतं ते त्यांच्या कोटाच्या बाहीवर पडलं. विज्ञानाशी त्या कोटाचा एवढा जवळचा संबंध पूर्वी कधी आला नव्हता. मग त्यांनी झाकण लावलं, कुपी पाकिटात घातली, पाकीट डिंकाने चिकटवलं आणि त्याच्या तोंडावर आडवी सही ठोकली.

“कंपनीने रिकामी कुपी पाठवल्याचा हा पुरावा. शुक्रवारी चौकशी समिती बसेल.” समिती म्हणजे स्वतः सर आणि खरेदी विभागातले त्यांचे साडू. साडू सरांच्या होला हो म्हणत, आणि सर गप्प असले तरी म्हणत.

तंत्रज्ञ काकांनी संशोधिकेला कोपऱ्यात घेतलं. तीस वर्षं ते हीच यंत्रं फिरवत होते.

“रडू नकोस पोरी. झाकणाला तर त्याने हात लावला नाही ना?”

“आतून नाही. पण पाकीट बंद आहे, काका.”

“त्याची परवानगी काढून ते फ्रीझरमध्ये ठेव. पुढचं मी बघतो.”

ती सरांकडे गेली. “सर, पुरावा नाशवंत आहे. उणे वीसला ठेवला नाही तर कंपनीचा वकील म्हणेल, तुमच्याकडेच खराब झाला.”

सरांनी लगेच मान डोलावली. “मी हेच सांगणार होतो,” ते म्हणाले. “लगेच ठेवा. माझ्या सहीला हात लावू नका.”

सहीला कुणीच हात लावला नाही. विभागातला डिंक सरांच्या साडूंनी घाऊक घेतलेला होता. दोन तास गारठल्यावर तो आपला आपण सुटला, आणि पाकिटाचं तोंड सहीसकट अलगद उघडलं.

काकांनी कुपी यंत्रात फिरवली. संशोधिकेने थेंबभर द्रव घालून झाकण आतून धुऊन घेतलं, पुन्हा फिरवलं, ते पाणी जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळलं. किती हाती लागलं ते सांगता येत नव्हतं. जे लागलं ते सगळं तिने पेशींना दिलं. रिकामी कुपी वाळवून काकांनी पाकिटात परत घातली आणि पाकिटाला चांगला डिंक लावला, स्वतःच्या खिशातला.

गुरुवारी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दुपटीने वाढलेल्या दिसल्या. तिने वहीत नोंद केली: प्रथिन, कुपीचा क्रमांक, सोमवार, संध्याकाळी पाच. विभागप्रमुखांची सही लागते म्हणून वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी फोनवर बोलता बोलता, न वाचता सही केली.

शुक्रवारी समितीने पाकीट फोडलं. सरांनी कुपी पुन्हा उलटी करून ठोकली. साडूंनीही ठोकून पाहिली.

“कोरडी ठणठणीत!” साडू म्हणाले.

“लिहा,” सर म्हणाले. “कुपीत कणभरही प्रथिन आढळलं नाही. बाई, साक्षीदार म्हणून तुमची सही. आता तरी पटलं का?”

“हो सर,” तिने पेन उघडलं. “आता पटलं.”